गारव्याची भिस्त गल्लीतल्या मेकॅनिकवर

होळी पेटली की थंडी पळते, असे म्हणण्याची रीत आहे. मराठवाड्यात मात्र होळीनंतर केवळ थंडी पळत नाही, तर माळ्यावर किंवा गच्चीच्या कोपऱ्यात वर्षभर पडून असलेले कूलरही खाली उतरतात. पत्र्याच्या टाकीला गंज चढलेला असतो, बाजूच्या जाळ्यांतील गवत वाळून भुगा झालेले असते, पाण्याचा पंप क्षाराने जाम झालेला असतो आणि पंख्याची मोटार घुरघुरत असते. मग शोध सुरू होतो तो दुरुस्ती करणाऱ्याचा. नांदेडपासून पन्नास किलोमीटरहून थोड्या अधिक अंतरावर, तेलंगणाकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर आणि मुदखेड-आदिलाबाद लोहमार्गावर वसलेले भोकर हे तालुक्याचे गाव याला अपवाद नाही. मार्च ते जून या चार महिन्यांत अशा गावांतील सर्वाधिक मागणी असलेला माणूस म्हणजे कूलर, फ्रीज आणि आता वातानुकूलन यंत्र दुरुस्त करणारा मेकॅनिक. त्याच्या कौशल्यावर घरातील गारवा अवलंबून असतो, विजेचे बिल अवलंबून असते आणि अनेकदा घरातील माणसाचा जीवही. तरीही उन्हाळ्याच्या सरकारी नियोजनात या माणसाला आणि त्याच्या व्यवसायाला स्थान नाही.

नियोजनाचा सगळा भर यंत्रांवर आहे. कोणत्या यंत्राला किती तारे, आयात किती, उत्पादन किती, कर किती, याची चर्चा दिल्लीत होते. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये वायू भरलेल्या वातानुकूलन यंत्रांच्या आयातीवर बंदी आली, २०२१ मध्ये देशांतर्गत उत्पादनासाठी ६,२३८ कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना मंजूर झाली आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून या यंत्रांवरील वस्तू व सेवा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला. यंत्र स्वस्त व्हावे, ते अधिक घरांत जावे, हा या निर्णयांचा स्वाभाविक परिणाम. पण यंत्र घरात गेल्यानंतरच्या दहा वर्षांचे काय, हा प्रश्न या चर्चेत क्वचितच विचारला जातो. तो महानगरांपेक्षा भोकर, उमरी, हदगाव, अहमदपूर, उदगीर यांसारख्या गावांत अधिक तीव्र आहे.

माळवद गेले, पत्रा आला

गारव्यासाठी यंत्र लागावे, ही मराठवाड्याची मूळ परंपरा नव्हे. दगडी किंवा मातीच्या जाड भिंती, वर लाकडी तुळया आणि त्यांवर मातीचा जाड थर अशी माळवदाची घरे हे या प्रदेशाचे उन्हाला दिलेले उत्तर होते. जाड माती दिवसाचे ऊन आत पोहोचू देत नसे, आणि पोहोचेपर्यंत संध्याकाळ होत असे. ज्यांची ऐपत होती ते दारा-खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या लावून त्यांवर पाणी शिंपडत. आजच्या कूलरचे तत्त्व याहून निराळे नाही.

ही घरे मागे पडण्याची कारणे अनेक आहेत. लाकूड महागले, माळवदाची दरवर्षीची डागडुजी करणारे हात कमी झाले, एकत्र कुटुंबे विभागली. मात्र ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांत झालेल्या किल्लारीच्या भूकंपाने या बदलाला वेगळीच धार आणली. दगडमातीच्या जड भिंती आणि छपरे कोसळून झोपेतच हजारो माणसे दगावली. ज्या घराने पिढ्यान्‌पिढ्या सावली दिली तेच घर कबर ठरल्याचे पाहिलेल्या लोकांच्या मनातून माळवदाची भीती गेली नाही. त्यानंतर पत्रा आणि सिमेंटचा स्लॅब ही सुरक्षिततेची खूण बनली. ती निवड चुकीची होती असे म्हणता येणार नाही, परंतु तिची एक किंमत होती. पत्रा तासाभरात तापतो आणि स्लॅब दिवसभर साठवलेली उष्णता रात्रभर खोलीत सोडत राहतो. बाहेर ४२-४३ अंश तापमान असताना अशा घरात केवळ छताचा पंखा म्हणजे गरम हवा फिरवण्याचे साधन होय. म्हणजे भूकंपापासून वाचवणाऱ्या घरानेच कूलरला आमंत्रण दिले.

म्हणूनच कूलर ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील सुमारे २४ टक्के कुटुंबांकडे कूलर किंवा वातानुकूलन यंत्र होते, आणि ग्रामीण भागात हे प्रमाण शहरांच्या निम्म्याहूनही कमी होते. उन्हाची झळ सर्वाधिक सोसणारा वर्गच गारव्यापासून सर्वांत दूर आहे, असा त्याचा अर्थ. या वर्गाकडे जेव्हा यंत्र येते तेव्हा ते बहुधा जुने, दुसऱ्या हाताचे किंवा स्थानिक कारागिराने पत्रा वाकवून बनवलेले असते. दुरुस्तीची गरज यालाच सर्वाधिक भासते.

पाणी की वीज?

कूलर आणि वातानुकूलन यंत्र यांतील निवड ही केवळ पैशांची बाब मानली जाते. मराठवाड्यात ती पाणी आणि वीज यांतील निवड आहे. एक लिटर पाण्याची वाफ होताना ते आसपासच्या हवेतील सुमारे पाऊण युनिट विजेइतकी उष्णता शोषून घेते. त्या बळावर जेमतेम दीड-दोनशे वॉटचा कूलर कोरड्या हवेत उत्तम काम करतो. तापमान ४२ अंश आणि आर्द्रता २० टक्के असेल, तर चांगल्या स्थितीतील कूलर २८ अंशांच्या आसपासची हवा देऊ शकतो. याउलट जूनमध्ये पहिल्या सरी पडून गेल्या, तापमान ३६ अंशांवर उतरले पण आर्द्रता ५५ टक्क्यांवर गेली, की तोच कूलर ३० अंशांच्या खाली सहसा जात नाही, आणि वर खोलीत दमटपणा भरतो. ‘एप्रिलमध्ये चालणारा कूलर जूनमध्ये बिघडला’ अशी तक्रार घेऊन येणाऱ्या ग्राहकाला मेकॅनिक पंप बदलून देतो. वास्तविक त्यात पंपाचा दोष नसतो, तो हवेतील बाष्पाचा परिणाम असतो. अशा वेळी खिडकी उघडी ठेवणे आणि पाण्याचा पंप बंद करून नुसता पंखा चालवणे हा बिनखर्ची उपाय असतो.

मात्र कोरड्या हवेत कूलर जितका प्रभावी, तितका तो तहानलेला. मोठा पत्र्याचा कूलर ऐन दुपारी तासाला दहा ते वीस लिटर पाणी पितो. दिवसातून आठ तास तो चालला तर शंभर लिटरच्या आसपास पाणी लागते. जलजीवन मिशनने ग्रामीण भागासाठी ठरवलेले प्रमाण माणशी रोज ५५ लिटर आहे. याचा अर्थ एक कूलर जवळपास दोन माणसांच्या वाट्याचे पाणी वापरतो. रेणापूरच्या सुधा प्रकल्पावर विसंबणाऱ्या भोकरमध्ये काय, किंवा नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या इतर गावांत काय, मे महिन्यात हा हिशेब घराघरांत मांडला जातो. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, १२ एप्रिल रोजी पहिली गाडी दाखल झाली, त्या उन्हाळ्यात लातूरमध्ये कूलरची टाकी भरणे हा प्रश्न सोयीचा उरला नव्हता.

यावर वातानुकूलन यंत्राला पाणी लागत नाही, असे उत्तर दिले जाते. ते अर्धसत्य आहे. यंत्राला लागत नसले तरी त्याची वीज बनवणाऱ्या औष्णिक केंद्राला पाणी लागते. परळीचे औष्णिक वीज केंद्र २०१३ मध्ये आणि पुन्हा २०१५ मध्ये पाण्याअभावी बंद ठेवावे लागले, हे मराठवाड्याने पाहिले आहे. दीड टनाचे यंत्र रात्रभर चालले तर सहा-आठ युनिट सहज लागतात. त्याच वेळेत कूलर दीड युनिटही खात नाही. थोडक्यात, गारवा फुकट नसतो. त्याची किंमत पाण्यात मोजायची की विजेत, एवढाच पर्याय असतो. आणि यंत्राची देखभाल नीट नसेल तर दोन्हींचा अपव्यय होतो, हा या चर्चेतील कळीचा मुद्दा आहे.

कूलरच्या टाकीतील मृत्यू

देखभालीच्या अभावाचा सर्वांत भीषण चेहरा म्हणजे विजेचा धक्का. दर उन्हाळ्यात मराठवाडा आणि विदर्भातील वृत्तपत्रांत कूलरचा शॉक लागून माणूस दगावल्याच्या बातम्या येतात. त्यांत पाणी भरणाऱ्या गृहिणी असतात, खेळता खेळता कूलरला हात लावणारी मुले असतात. अपघात म्हणून नोंद होते, पंचनामा होतो आणि विषय संपतो. पण हे मृत्यू अटळ नसतात. त्यांची कारणे ठरलेली असतात आणि उपायही.

पत्र्याच्या कूलरमध्ये पाणी, लोखंड आणि वीज एका पेटीत नांदतात. पंपाच्या वायरवरील आवरण उंदराने कुरतडले, उन्हाने तडकले किंवा मोटारीचे वायंडिंग ओलसर झाले की वीज पत्र्यात उतरते. अर्थिंग चांगले असेल तर ती जमिनीत निघून जाते. ते नसेल तर कूलरचा पत्रा २३० व्होल्ट अंगावर बाळगून उभा राहतो, आणि ओल्या फरशीवर अनवाणी उभ्या असलेल्या माणसाचा हात लागताच त्याच्या शरीरातून जमिनीचा रस्ता शोधतो. अर्थिंग नसण्याची कारणे तर घरोघरी दिसतात. तीन पिनांची प्लग खोचता येत नाही म्हणून तिसरी पिन मोडली जाते किंवा वायरची दोन टोके थेट सॉकेटमध्ये खुपसून काड्यांनी घट्ट केली जातात. जेथे अर्थिंगचा खड्डा आहे तेथे तो उन्हाळ्यात कोरडा पडतो. माती सुकली की तिची वीज वाहून नेण्याची क्षमता घटते. ज्या महिन्यांत कूलर चालतात नेमक्या त्याच महिन्यांत अर्थिंग सर्वांत दुबळे असते, हे फारच थोड्यांच्या लक्षात येते. त्या खड्ड्यात मीठ-कोळसा भरून उन्हाळाभर पाणी घालत राहणे ही जुन्या वायरमनची शिस्त होती. ती आज विसरली गेली आहे.

आणखी एक गैरसमज घातक आहे. घरात एमसीबी बसवला म्हणजे शॉकपासून संरक्षण मिळाले, असे मानले जाते. एमसीबी हा वायर जळू नये म्हणून असतो. वीजप्रवाह ठरावीक मर्यादेपलीकडे वाढला की तो पडतो. माणसाचा जीव घेण्यास त्या मर्यादेच्या कित्येक पटींनी कमी प्रवाह पुरतो. त्यासाठी आरसीसीबी हे निराळे साधन लागते. गेलेली वीज आणि परतलेली वीज यांत ३० मिलीअँपिअरचा फरक पडला, म्हणजे तेवढी वीज कुठे तरी गळत आहे असे दिसले, की ते क्षणार्धात पुरवठा तोडते. कूलरच्या किमतीच्या तुलनेत त्याची किंमत थोडी असते. पण ते बसवण्याचा सल्ला देणारा कोण? महावितरण उन्हाळ्यात कूलर जपून वापरण्याचे आवाहन करते. पाणी भरताना प्लग काढा, अर्थिंग तपासा, असे त्यात सांगितलेले असते. आवाहन योग्यच आहे, परंतु ते अमलात आणण्याचे काम शेवटी त्याच मेकॅनिकवर येते ज्याला ना परवाना आहे, ना प्रशिक्षण, ना कामाची जबाबदारी निश्चित आहे.

टाकीत दुसराही धोका असतो, तो डासांचा. डेंग्यू पसरवणारा एडिस डास स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि अंड्यापासून डास होण्यास साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळण्यास आरोग्य विभाग सांगतो. मात्र नुसते पाणी ओतून दिल्याने भागत नाही. टाकीच्या कडेला चिकटलेली अंडी कोरड्या स्थितीत काही महिने तग धरतात आणि पाणी मिळताच फुटतात. टाकी घासूनच धुवावी लागते. पाणीटंचाईच्या गावात आठवड्याला टाकीभर पाणी ओतून द्या, हे सांगणे सोपे आणि करणे अवघड. ते पाणी झाडांना किंवा संडासासाठी वापरण्याची सोय सांगितली तरच सल्ला पाळला जाईल.

तारे कारखान्यात, धूळ घरात

वातानुकूलन यंत्रांच्या बाबतीत प्रश्नाचे स्वरूप बदलते. ऊर्जा संवर्धन कायद्यान्वये २००२ मध्ये स्थापन झालेल्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने २००६ पासून तारांकनाची पद्धत सुरू केली. वातानुकूलन यंत्रांना ती २०१० पासून सक्तीची झाली. २०२० च्या जानेवारीपासून यंत्र सुरू करताच ते २४ अंशांवर लागावे असा नियम आला. एक अंश वाढवला की सुमारे सहा टक्के वीज वाचते, असे ब्युरोचे म्हणणे आहे. २०२५ च्या जूनमध्ये केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी यंत्राची मर्यादा २० ते २८ अंशांदरम्यान ठेवण्याचा विचार जाहीर केला. हे सर्व उपाय स्वागतार्ह आहेत. परंतु पाच तारे मिळतात ते प्रयोगशाळेतील नव्याकोऱ्या यंत्राला. कापसाच्या आणि सोयाबीनच्या हंगामातील धूळ, रस्त्याच्या कामांची धूळ आणि बाहेरच्या युनिटवर साचलेला कचरा यांनी दोन वर्षांत त्या ताऱ्यांतील किती उरतात, याची मोजणी होत नाही. केवळ मळलेली जाळी स्वच्छ केल्याने पाच ते पंधरा टक्के वीज वाचू शकते, असे अमेरिकेच्या ऊर्जा विभागाचे म्हणणे आहे. म्हणजे जाळी धुण्याच्या पंधरा मिनिटांच्या कामाची बचत तापमान एक-दोन अंश वाढवण्याच्या बचतीच्या तोडीची ठरू शकते. धोरणात मात्र त्या पंधरा मिनिटांची दखल नाही.

ग्रामीण विजेचा दर्जा हे दुसरे कारण. उन्हाळ्याच्या संध्याकाळी एका रोहित्रावरील सगळी घरे एकाच वेळी कूलर, पंखे आणि वातानुकूलन यंत्रे लावतात. दाब घसरतो, कधी डीपीच जळते. पुरवठा पूर्ववत होताना दाब एकदम उसळतो आणि यंत्रातील इलेक्ट्रॉनिक पट्टी निकामी होते. जुन्या यंत्राचा कपॅसिटर गेला तर गावातील मेकॅनिक तो तासाभरात बदलून देत असे. नव्या इन्व्हर्टर यंत्राची पट्टी गेली तर ती कंपनीचीच लागते, आणि कंपनीचे अधिकृत सेवा केंद्र बहुधा जिल्ह्याच्या ठिकाणी असते. वीज वाचवणारे तंत्र जितके प्रगत, तितके ते दुरुस्तीच्या बाबतीत परावलंबी, असा हा विरोधाभास आहे. केंद्र सरकारने २०२२ च्या डिसेंबरमध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी संकेतस्थळ सुरू केले. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती ग्राहकाला व स्वतंत्र मेकॅनिकला मिळावी, ही त्यामागील भूमिका होती. तालुक्याच्या गावात तो भाग दुकानात मिळेल तेव्हाच त्या हक्काला अर्थ येईल.

गॅसचा हिशेब

दुरुस्तीच्या व्यवहारात सर्वाधिक ऐकू येणारे वाक्य म्हणजे ‘गॅस संपला आहे, भरावा लागेल’. वस्तुतः यंत्रातील वायू हा स्कूटरमधील पेट्रोलप्रमाणे संपणारा पदार्थ नाही. तो बंद नळ्यांतून फिरत राहतो. तो कमी झाला असेल तर कुठे तरी गळती आहे. गळती न शोधता वायू भरणे म्हणजे भोक न बुजवता घागर भरणे. काही महिन्यांत तीच तक्रार पुन्हा उद्भवते, ग्राहकाचा खर्च दुप्पट होतो आणि मेकॅनिकवरील विश्वास उडतो. यात लबाडी नेहमीच असते असे नाही. गळती शोधण्यासाठी नायट्रोजनचा दाब द्यावा लागतो, नंतर नळ्या पंपाने निर्वात कराव्या लागतात आणि वायू वजन करून भरावा लागतो. या तीन कामांची साधने विकत घेणे छोट्या कारागिराला परवडत नाही. मग काम अंदाजाने होते. नायट्रोजनऐवजी वेल्डिंगच्या दुकानातील ऑक्सिजन वापरण्याचा मोह तर थेट जिवावर बेततो, कारण कॉम्प्रेसरमधील तेलाशी दाबाखालील ऑक्सिजनचा संयोग स्फोटक असतो.

नव्या वायूंनी हे काम अधिक जोखमीचे केले आहे. ओझोन थराला घातक ठरलेला आर-२२ हा वायू १९८७ च्या माँट्रियल करारानुसार भारतातून २०३० पर्यंत हद्दपार व्हायचा आहे. नवी उपकरणे बनवताना त्याचा वापर २०२४ अखेर थांबवण्यात आला. त्याच्या जागी आलेला आर-३२ ओझोनला अपाय करत नाही, त्याची तापमानवाढीची क्षमताही कमी आहे, पण तो काही प्रमाणात ज्वालाग्राही आहे. काही यंत्रांत वापरला जाणारा आर-२९० म्हणजे तर प्रोपेनच. बंद खोलीत विडी ओढत किंवा वेल्डिंगची ज्योत पेटवून हे वायू हाताळण्याची जुनी सवय आता चालणार नाही. दुसरीकडे, आर-२२ चे एक किलो हवेत सोडले तर ते सुमारे १,८०० किलो कार्बन डायऑक्साइडइतके तापमान वाढवते. कोळशाचा भरणा असलेल्या आपल्या ग्रीडवर ते सुमारे अडीच हजार युनिट वीज वापरण्याइतके झाले. जुने यंत्र भंगारवाल्याने नळी तोडून खाली टाकले की नेमके हेच घडते. ई-कचऱ्याचे नियम एप्रिल २०२३ पासून नव्याने लागू झाले आणि वातानुकूलन यंत्रे त्यांत समाविष्ट आहेत. परंतु तांब्याच्या नळीच्या भावावर चालणाऱ्या भंगाराच्या व्यवहाराला या नियमांचा स्पर्श झालेला दिसत नाही. किगाली येथे २०१६ मध्ये झालेल्या दुरुस्तीला भारताने २०२१ मध्ये मान्यता दिली आणि २०३२ पासून या वायूंचा वापर टप्प्याटप्प्याने घटवण्याचे वचन दिले. ते वचन दिल्लीत दिले गेले असले तरी ते पाळले जाणार की नाही हे गावोगावच्या गच्च्यांवर ठरणार आहे.

हंगामी धंदा, कायमची उपेक्षा

एवढी जबाबदारी ज्याच्यावर आहे तो मेकॅनिक कोण असतो? काही जण औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून रेफ्रिजरेशन व वातानुकूलनाचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण केलेले असतात. पण बहुसंख्यांनी हा धंदा एखाद्या दुकानात पोऱ्या म्हणून उमेदवारी करत शिकलेला असतो. उन्हाळ्याच्या चार महिन्यांत दिवसाला दहा ठिकाणची बोलावणी, आणि पावसाळा सुरू झाला की हाताला काम नाही. मग कोणी शेतीपंपांच्या मोटारींचे वायंडिंग करतो, कोणी घरांची वायरिंग, तर कोणी पुण्या-हैदराबादकडे जातो. चार महिन्यांत वर्षाची कमाई करायची म्हटल्यावर काम घाईने होणार, गच्चीच्या कठड्याबाहेर दोराविना लोंबकळून होणार आणि दर माणूस पाहून ठरणार, हे ओघाने आले. त्यात ग्राहकाची नाराजी समजण्याजोगी आहे, तशीच कारागिराची अडचणही.

केंद्र सरकारने २०१९ च्या मार्चमध्ये जाहीर केलेल्या भारत शीतलन कृती आराखड्यात या वर्गाची दखल घेतली गेली, हे नमूद केले पाहिजे. २०३७-३८ पर्यंत गारव्यासाठी लागणाऱ्या ऊर्जेत २५ ते ४० टक्के कपात हे त्यातील एक उद्दिष्ट. त्याच आराखड्यात २०२२-२३ पर्यंत सेवा क्षेत्रातील एक लाख तंत्रज्ञांना प्रशिक्षण व प्रमाणपत्र देण्याचे ठरले होते. कल्पना योग्य होती. मात्र अशी प्रशिक्षणे महानगरांत आणि कंपन्यांच्या केंद्रांत भरतात. रोजच्या कमाईवर जगणाऱ्या कारागिराने चार दिवसांचा रोज बुडवून तेथे जावे, अशी अपेक्षा बाळगणे व्यवहार्य नाही.

प्राधान्य कशाला?

पिण्याच्या पाण्याची भ्रांत असलेल्या प्रदेशात कूलर आणि वातानुकूलन यंत्रांची चिंता कशाला, असा आक्षेप यावर घेतला जाईल. तो वरवर रास्त वाटतो. परंतु लोक ही यंत्रे घेतच आहेत आणि घेत राहणार. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने २०१८ मध्ये वर्तवलेल्या अंदाजानुसार जगातील वातानुकूलन यंत्रांची संख्या १६० कोटींवरून २०५० पर्यंत ५६० कोटींवर जाईल. प्रश्न यंत्रे यावीत की नाही हा नाही. आलेली यंत्रे कमी पाण्यात, कमी विजेत आणि जीव न घेता कशी चालतील हा आहे. पाण्याची टंचाई आहे म्हणूनच कूलरचा गळका पंप आणि तुंबलेली जाळी दुर्लक्षून चालणार नाही.

त्या दृष्टीने करण्याजोग्या गोष्टी फार खर्चिक नाहीत. पहिली, प्रत्येक तालुक्याच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत जानेवारी-फेब्रुवारीत, म्हणजे कारागीर मोकळा असताना, संध्याकाळचे अल्पकालीन वर्ग घेता येतील. अनुभवावर शिकलेल्यांना परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची तरतूद कौशल्य विकास योजनेत आहेच. दुसरी, निर्वात पंप, वायूचा काटा आणि गळती शोधण्याची साधने संस्थेने किंवा कारागिरांच्या गटाने सामाईक घेऊन भाड्याने द्यावीत. शेतीची अवजारे अशी दिली जातात, तर ही का नकोत? तिसरी, नगर परिषद आणि महावितरण यांनी मार्चमध्ये संयुक्त अर्थिंग तपासणी मोहीम राबवावी. पोलिओच्या डोससाठी घरोघरी जाता येते, तर शॉकने मरणारी मुले वाचवण्यासाठीही जाता येईल. निदान शाळा, अंगणवाड्या आणि रुग्णालयांतील कूलर तरी आरसीसीबीविना चालू नयेत.

चौथी गोष्ट ग्राहकाने करायची आहे. दुरुस्तीची पावती मागणे, बदललेला जुना भाग परत घेणे आणि वायू भरण्यापूर्वी गळती कुठे आहे हे दाखवण्यास सांगणे, एवढ्या तीन सवयींनी व्यवहार बराच सुधारेल. हमीच्या मुदतीत कंपनीने टाळाटाळ केली तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहकाला तो राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे दाद मागता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या वस्तू वा सेवेच्या तक्रारीस शुल्क नाही. राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांक १९१५ हा आहे. भोकरच्या ग्राहकाला त्यासाठी कंपनीचे कार्यालय असलेल्या मुंबई-दिल्लीला जाण्याची गरज उरलेली नाही.

आणि पाचवी, यंत्रावरील भार कमी करण्याची. शेजारच्या तेलंगणाने २०२३ मध्ये थंड छतांचे धोरण जाहीर करून सरकारी आणि व्यापारी इमारतींना ते बंधनकारक केले. अहमदाबादने २०१३ पासून उष्णता कृती आराखड्याची वाट घालून दिली. स्लॅबवर चुन्याचा पांढरा थर देणे, पत्र्याखाली गवताचे किंवा बांबूचे अस्तर घालणे, पश्चिमेच्या भिंतीवर सावली धरणे, हे उपाय माळवदाच्या पिढीला शिकवावे लागले नसते. खोली काही अंशांनी थंड राहिली तर लहान कूलर पुरतो, त्याला पाणी कमी लागते आणि मोटारही अधिक टिकते. सरहद्दीपलीकडे काही किलोमीटरवर जे धोरण आहे ते अलीकडे नसावे, याला हवामानाचे कोणतेही कारण देता येत नाही.

उष्णतेच्या लाटेचा इशारा हवामान खाते देते, दुपारी बाहेर पडू नका असे प्रशासन सांगते. घरात राहिलेल्या माणसाला ते घर सोसवेल का आणि त्या घरातील यंत्र त्याच्या जिवावर तर उठणार नाही ना, याची खातरजमा करणारी यंत्रणा मात्र उभी राहिलेली नाही. आज ते काम, जमेल तसे आणि जमेल तेवढे, गल्लीतला मेकॅनिक करतो आहे. त्याला साधने, शिक्षण आणि प्रतिष्ठा मिळाली तर मराठवाड्याच्या उन्हाळ्याची दाहकता कमी होणार नाही, पण त्यात हकनाक जाणारे जीव, पाणी आणि वीज यांची गळती निश्चितच थांबवता येईल.